रिग्रेशन टेस्टचा क्रम बदलून पाहिला: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचा रिग्रेशन सूट, म्हणजे नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना हे तपासणाऱ्या टेस्टचा संच, पायटेस्टवर (पायथॉनमधलं टेस्ट चालवायचं साधन) चालतो आणि तो मोठा आहे. बिल्ड लाल झाल्याचं, म्हणजे एखादी टेस्ट पडल्याचं, कळेपर्यंत डेव्हलपरने दुसरं काम हातात घेतलेलं असतं. एकही टेस्ट न वगळता नुसता क्रम बदलून किती फायदा होतो, हे काही महिने वापरून पाहिलं. फायदा होतो, आणि भरपूर होतो.

सुरुवात ‘फेल्ड-फर्स्ट’ने केली. मागच्या रनमध्ये पडलेल्या टेस्ट आधी, बाकीच्या त्यानंतर. स्वतःच्या मशीनवर गुण लगेच दिसला, सीआयवर (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) मात्र शून्य. कारण सरळ आहे: कोणती टेस्ट पडली याची नोंद कॅशे फोल्डरमध्ये राहते आणि सीआयचा जॉब दर वेळी कोऱ्या कंटेनरमध्ये (आधीचं काहीही नसलेल्या तात्पुरत्या वातावरणात) सुरू होतो. कॅशे ब्रँचनुसार साठवली, ब्रँच नवी असेल तर मेन या मुख्य ब्रँचची कॅशे उचलायची सोय केली, तेव्हा गाडी रुळावर आली. एक किंमत मोजावी लागते. टेस्ट आपल्या फाइलमधून उचलून पुढे नेल्या जातात, त्यामुळे महागडे फिक्श्चर (टेस्टसाठी लागणारी पूर्वतयारी) कधीकधी दोनदा उभे राहतात.

मग कव्हरेजकडे, म्हणजे कोणती टेस्ट किती कोड चालवून बघते याकडे, वळलो. सर्वात जास्त कोड झाकणारी टेस्ट आधी, हा नियम ऐकायला पटतो, पण आमच्याकडे त्यामुळे अवजड एंड-टू-एंड (पूर्ण प्रणाली एकत्र तपासणाऱ्या) टेस्ट पुढे आल्या आणि त्या एकाच कोडवरून पुन्हा पुन्हा जात राहिल्या. अजून न झाकलेल्या कोडमध्ये सर्वाधिक भर घालणारी टेस्ट पुढची, हा दुसरा नियम माझ्या मते कितीतरी चांगला. ग्रेग रॉदरमेल आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या शोधनिबंधात हे दोन्ही प्रकार तपासलेले आहेत.

क्रम मोजायला याच संशोधनातलं एपीएफडी हे माप वापरलं. बग जितके लवकर सापडतील तितकं ते जास्त येतं. १० टेस्ट आणि २ बग धरा. बग आठव्या आणि दहाव्या टेस्टला सापडले तर माप ०.१५ येतं, पहिल्या आणि दुसऱ्या टेस्टला सापडले तर ०.९०. मात्र हे माप प्रत्येक टेस्टला सारखाच वेळ लागतो असं धरून चालतं. दोन सेकंदांची टेस्ट आणि दहा मिनिटांची टेस्ट त्याच्या लेखी एकच. म्हणून आता आमच्या कॉन्फटेस्ट फाइलमधला (पायटेस्टची सेटिंग फाइल) हूक, म्हणजे टेस्टचा क्रम लावणारा आमचा कोड, आधी नुकत्या पडलेल्या टेस्ट घेतो, मग बदललेल्या फाइलींना स्पर्श करणाऱ्या, आणि त्यातही कमी वेळाच्या आधी.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र अपेक्षेबाहेरची निघाली. क्रम हलवताच वर्षानुवर्षं हिरव्या असलेल्या काही टेस्ट पडल्या. त्या आधीच्या टेस्टने डेटाबेसमध्ये ठेवलेल्या नोंदींवर जगत होत्या! हे दुखणं जुनं आहे. जावा ७ मध्ये रिफ्लेक्शनमधून (प्रोग्रामने स्वतःचाच कोड वाचायची सोय) मेथड मिळण्याचा क्रम बेभरवशाचा झाला, तेव्हा जेयुनिट या जावाच्या टेस्ट-साधनाच्या अशाच टेस्ट पडू लागल्या आणि जेयुनिट ४.११ पासून ठरलेला क्रम आला. आम्ही क्रम गोठवला नाही, प्रत्येक टेस्टला तिचा डेटा तिनेच तयार करायला लावला. त्यात बराच वेळ गेला, पण ते करायलाच हवं होतं.

फ्लेकी टेस्टबद्दल, म्हणजे कोड न बदलताही कधी पास होणाऱ्या, कधी पडणाऱ्या टेस्टबद्दल, सावध राहा. त्या सारख्या पडतात, म्हणून सारख्या पुढे येतात आणि पहिलाच लाल रंग खोटा ठरतो. लोक मग खऱ्या लाल रंगाकडेही बघेनासे होतात. म्हणून फ्लेकी टेस्टना वेगळं मार्कर (खूण) लावून या क्रमातून बाहेर ठेवलं. एक्सडिस्ट या पायटेस्टच्या प्लगइनने टेस्ट एकाच वेळी चालणाऱ्या अनेक वर्करवर वाटल्या की क्रम ढोबळच उरतो, तेवढं आम्हाला चालतं.

रात्रीचा पूर्ण रन मात्र मुद्दाम पायटेस्ट-रँडमली या प्लगइनने क्रम विस्कटून चालवतो. ते सीड (ज्या आकड्यावरून तो क्रम ठरला तो आकडा) छापतं, त्यामुळे काही पडलं तर सकाळी तोच क्रम पुन्हा लावून बघता येतो.