सक्युलंटची ‘तयार माती’ घेताना माझी झालेली फसवणूक

जळगावच्या उन्हात गुलाब टिकवणं सोपं नाही, म्हणून मी हळूहळू सक्युलंटकडे, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांकडे वळले. जेड, हावर्थिया, एचेव्हेरिया, दोन अडेनियम अशा गच्चीवर चौदा कुंड्या झाल्या. त्यातला जेड आईच्या अमळनेरच्या अंगणातला. ती गेल्यावर मी तो इथे आणला होता.

मे महिन्याच्या शेवटी एका प्रदर्शनात ‘खास सक्युलंट मिक्स’ विकणारा स्टॉल दिसला. पाच किलोची पिशवी ३५० रुपये. मी चार घेतल्या. मातीत पांढरे दाणे दिसत होते. विक्रेत्याने त्यातले चार दाणे माझ्यासमोर पाण्याच्या ग्लासात टाकले आणि म्हणाला, “बघा ताई, तरंगतंय. अस्सल परलाईट.” माझा विश्वास बसला. माती मोकळी राहावी म्हणून मिसळतात ते परलाईट हलकं असतं, तरंगतं, एवढंच मला माहीत होतं. तरंगतं ते सगळं परलाईट नसतं, हे त्या क्षणी सुचलं नाही. बिल मागितलं तर “प्रदर्शनात कुठलं बिल!” म्हणाला. तिथेच मी पिशव्या खाली ठेवायला हव्या होत्या.

घरी आल्यावर दोन गोष्टी खटकल्या होत्या. पिशव्या जड आणि ओलसर होत्या. सक्युलंटचं मिश्रण हाताला हलकं, भुरभुरीत लागायला हवं. किलोवर विकायचं म्हटलं की ओलाव्याचेही पैसे आपणच देतो. दुसरं म्हणजे, पहिल्यांदा पाणी घातलं तेव्हा ते कुंडीत वर साचून राहिलं आणि पांढरे दाणे सगळे वर आले. तरी मी चौदाही कुंड्या त्याच मातीत भरल्या.

पाऊस सुरू झाला आणि जुलैच्या मध्यापर्यंत एचेव्हेरियाची खालची पानं काचेसारखी पारदर्शक झाली. नुसतं बोट लावलं तरी गळायची. मग हावर्थिया. मग जेडचं खोड बुडाशी मऊ पडलं. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “तुम्ही पाणी जास्त घालता.” आठ दिवस मी स्वतःलाच दोष देत होते, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं. नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

खरं काय ते वीटभट्टीवरच्या एका काकांनी सांगितलं. मी गिरणा नदीकाठी विटांचे तुकडे मागायला गेले होते, मातीचा नमुना सोबत होता. त्यांनी एक दाणा चिमटीत दाबला, तो चपटा होऊन पुन्हा फुगला. “ताई, हाई ते थर्माकोल शे.” आणि माती? आपल्या शेतातली काळी माती, चाळलेली. घरी येऊन ती काचेच्या बरणीत पाण्यात ढवळली. रेती मिनिटभरात तळाला बसते, चिकणमाती तरंगत राहते. दोन दिवसांनीही पाणी गढूळच होतं. ही माती कापसाला चांगली, कारण ती ओल धरून ठेवते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. सक्युलंटची मुळं त्यात गुदमरून कुजतात. म्हणजे माझी झाडं थर्माकोलने मेली नाहीत. थर्माकोल फक्त दाखवायला होतं. मारलं त्या मातीने.

परलाईट म्हणजे ज्वालामुखीच्या काचेसारख्या खडकाचे, उष्णतेने फुगवलेले दाणे. नखात दाबलं की करकर आवाज येऊन त्याची पूड होते. उघड्यावर एका दाण्याला उदबत्तीचं पेटतं टोक लावा, परलाईटला काही होत नाही, थर्माकोल लगेच आक्रसतं. (धूर नाकात जाऊ देऊ नका. परलाईटही ओलं करूनच हाताळा, त्याची धूळ छातीला बरी नाही.) विकणारा ग्लास पुढे करेल. तुम्ही दाणा चिमटीत घ्या.

ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर मी फिरवला. पण माझ्याकडे फक्त युपीआयचा मेसेज होता, आणि त्यावर माल कोणता ते लिहिलेलं नसतं.

आता मिश्रण घरीच करते. पक्क्या भाजलेल्या विटेचे ज्वारी ते हरभऱ्याएवढे तुकडे दोन भाग, जाड रेती दोन भाग, जुनं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड. विटेचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून बघायचा. कच्ची वीट सकाळी चिखल होते, ती घ्यायची नाही. विटेची बारीक भुकटी चाळून काढायची, नाहीतर तीच छिद्रं बुजवते. रेती बांधकामाच्या दुकानातून घमेलाभर मिळते, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. हे भरलेल्या कुंडीत पाणी ओतलं की ते काही सेकंदांत खालच्या भोकातून वाहायला हवं. काळी माती मी चिमूटभरही घालत नाही.

चौदापैकी पाच कुंड्या वाचल्या. आईच्या जेडचं खोड गेलं, पण एका फांदीचा शेंडा टणक होता. तो कापून आठ दिवस सावलीत वाळवला, कापलेली जागा कोरडी झाल्यावर या नव्या मिश्रणात खोचला. गेल्या आठवड्यात हलकेच ओढून पाहिला, तो निघाला नाही. मुळं धरली आहेत.