खाणीत नोकरी: रेडीला उघड्यावर की नागपूरकडे जमिनीखाली?

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची पोरं आयटीआय झाली की मला विचारतात, "काका, खाणीत लागू काय?" मी नागपूरकडच्या मँगनीजच्या भूमिगत खाणीत अकरा वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. त्यामुळे आधी मीच विचारतो, कुठल्या खाणीत?

आपल्याकडची रेडी-कळण्याची लोहखनिजाची खाण किंवा कासार्ड्याची सिलिका, सगळं उघड्यावरचं. घर जवळ, जेवण घरचं. पण मृगाच्या पावसाबरोबर खड्डा भरायला लागतो, डंपर चिखलात रुततात, आणि कंत्राटी माणसाला पहिलं घरी बसवतात. गुमगाव, कांद्री, चिखला या विदर्भातल्या खाणी जमिनीखाली चालतात. तिथे पावसात काम थांबत नाही, उलट पंपवाल्याला उसंत नसते. घर मात्र एक दिवस-रात्र लांब. गणपतीचं विचाराल तर कायद्याने जमिनीवरच्या कामगाराला २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, जमिनीखालच्याला १५ दिवसांमागे एक. २४० दिवस भरले तर बारा विरुद्ध सोळा. चार दिवसांचा हा फरक चाकरमान्यालाच कळेल.

खाली जायचं ठरलं तरी सगळेच काही खनिज फोडत नाहीत. चार कामं मी जवळून बघितली.

लॅम्प रूम सगळ्यात सोपं वाटतं. दिवे चार्ज करायचे, नंबर बघून द्यायचे, परत घ्यायचे. माझ्या सुरुवातीच्या काळात ॲसिडच्या बॅटऱ्या होत्या, कमरेला लावल्या की पँटीला भोकं पडायची. आताचे दिवे हलके आहेत. पण पाळी सुटल्यावर एका खिळ्यावर दिवा नसला तर एक माणूस अजून खाली आहे, हे सगळ्यांच्या आधी लॅम्प रूमवाल्याला कळतं. रात्री अडीच वाजता रिकाम्या खिळ्यासमोर उभा राहिलेला माणूस मी पाहिला आहे. त्याला कोणी हलकं काम म्हटलं तर मला राग येतो. पगार नि बढती मात्र सावकाश.

पंप ऑपरेटरला एकटेपणा सोसावा लागतो. सम्पजवळ, म्हणजे खाणीतलं पाणी साठतं त्या खड्ड्याजवळ, आठ तास, पाण्याचा आवाज आणि आपण. आमच्याकडचा एक मुलगा सहा महिन्यांत परत आला. कामाचा त्रास नव्हता, बोलायला माणूस नव्हता.

वाइंडर म्हणजे माणसांचा पिंजरा खाणीत वर-खाली करणारं यंत्र. ते चालवणारा बसतो जमिनीवर, पण खालच्या प्रत्येकाचा जीव त्याच्या हातात. चालत्या पिंजऱ्याला घंटेचा एक ठोका म्हणजे थांब. तीन ठोके म्हणजे माणसं बसतायत. पाळीत लिव्हर सोडून उठायचं नाही. परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं, मान मोठा, पैसेही बरे. अडचण एकच: ते प्रमाणपत्र खाणीबाहेर कोणी विचारत नाही.

म्हणून मी पोरांना इलेक्ट्रिशियन किंवा फिटरकडे वळवतो. खाली केबल, स्विचगिअर, पंप, पंखे सगळं हाताखालून जातं. वायरीला हात लावण्याआधी वर छत ठोकून बघायची सवय लागते. पोकळ वाजलं तर मागे सरायचं. चाळिशीत परत यावंसं वाटलं तर हेच हात कुडाळच्या काजू कारखान्यात, मालवणच्या बर्फ कारखान्यात, कोकण रेल्वेत चालतात. वाइंडरवाल्याला तसं परतता येत नाही. ज्याला निवृत्तीपर्यंत विदर्भातच राहायचं आहे त्याने मात्र बेलाशक वाइंडर धरावा.

मुलींनीही विचार करावा. २०१९ पासून तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत, त्यांच्या लेखी संमतीने, खाली जायची मुभा झाली.

कुठलंही काम धरा, वय १८ पूर्ण हवं, वैद्यकीय तपासणी आणि व्यावसायिक प्रशिक्षण झाल्याशिवाय खाली उतरू नका. आणि कंत्राटदारामार्फत लागणार असाल तर पहिल्याच महिन्यात पीएफचा नंबर मागून घ्या. माझ्या पहिल्या कंत्राटदाराने तीन महिने कापलेले पैसे भरलेच नव्हते. मला ते दोन वर्षांनी कळलं, तोवर तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता.