पाच मिनिटं, पंचवीस मिनिटं की पन्नास हजार शब्द?

“बाई, शुक्रवार करू की नोव्हेंबर?” रविवारची उपासना सुटल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर आमच्या तरुण संघातल्या एका मुलीनं मला गाठलं. शेजारच्यांना वाटलं असेल, लग्नाची तारीख काढतायत. तिला तिच्या आजीबद्दल लिहायचंय, आणि शुक्रवारची पाच मिनिटं की नोव्हेंबरातले पन्नास हजार शब्द, हे ठरत नव्हतं. आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. दोन वर्षांपूर्वी वही घेतली, पहिली तीन पानं आजीची झाली आणि चौथ्या पानापासून किराणा मालाची यादी.

मी घाईघाईत म्हटलं, “शुक्रवार कर.” घरी पोचेपर्यंत वाटायला लागलं की एवढ्यावर भागणार नाही. घड्याळ लावून लिहायचे हे सगळे प्रकार मी गेल्या काही वर्षांत करून बसले आहे. काही तडीला गेले, काही अर्ध्यातच सुटले. आपण ख्रिस्ती लोक लिहितो ते मनन असतं, साक्ष असते, कधी एखादं गीत किंवा गोष्ट. तिथे नुसता वेग कामाचा नाही, पण नेम मात्र लागतोच. तो नेम कुठल्या प्रकारानं लागतो आणि कुठल्यानं नुसती दमछाक होते, ते सांगते.

शुक्रवार म्हणजे ‘फाइव्ह मिनिट फ्रायडे’. लिसा-जो बेकर या अमेरिकेत राहणाऱ्या ख्रिस्ती लेखिकेनं तो सुरू केला आणि २०१४ पासून केट मोटाउंग यांनी पुढे नेला. दर आठवड्याला एक शब्द मिळतो. त्यावर पाच मिनिटं लिहायचं, मागे फिरून दुरुस्त करायचं नाही, व्याकरणाचा विचारही करायचा नाही. झालं. त्यासाठी इंग्रजीत लिहायची गरज नाही. मी मराठी शब्दाच्या चिठ्ठ्या करून चहाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आहेत.

एकदा ‘भाकर’ निघाली. कुकर लावलेला होता, फोन चार्जिंगला होता, म्हणून मी शिट्ट्यांवर लिहायला बसले. पहिली शिट्टी होईपर्यंत प्रभुभोजन, जीवनाची भाकर, पाच भाकरी आणि दोन मासे हे सगळं लिहून संपलं. व्यासपीठावरून ऐकलेलं सगळं आधी बाहेर येतं, ते काही माझं नव्हतं. दुसऱ्या शिट्टीनंतर हात अडखळला आणि मग आलं: सासूबाई भाकरी थापताना पहिली भाकरी नेहमी झाकून बाजूला ठेवायच्या. “कुणी आलंच तर.” रोज कुणी यायचं नाही. संध्याकाळी ती शिळी भाकरी त्या स्वतः खायच्या. तिसरी शिट्टी झाली तेव्हा माझ्या हातात जेमतेम ऐंशी शब्द होते. कामाचे त्यातले शेवटचे तीस.

पाच मिनिटांचं खरं काम हे आहे. वरची साय निघून जाते. ज्यांचं गाडं सुरुवातीलाच अडतं, जे ‘आधी प्रार्थना करते, मग टेबल आवरते, मग लिहिते’ म्हणत झोपी जातात, त्यांना याच्याइतका सोपा उपाय नाही. पाच मिनिटं नाहीत असं कुणाला म्हणता येत नाही.

पण खोडायचं नाही हा नियम आपल्याला महागात पडू शकतो. माझंच सांगते. अशाच एका पाच मिनिटांच्या तुकड्यात मी झोकात लिहिलं, ‘पैसा हे सर्व वाइटाचं मूळ आहे असं पौल म्हणतो.’ छान वाटलं म्हणून तसंच मंडळीच्या पत्रकाला दिलं. छापून आलं. पुढच्या रविवारी एक निवृत्त शिक्षक जवळ आले, “सलाम बाई” म्हणाले आणि खिशातून पवित्र शास्त्र काढून तीमथ्याला पहिलं पत्र, सहावा अध्याय, दहावं वचन माझ्यापुढे धरलं. पौल पैशाला मूळ म्हणत नाही, द्रव्याच्या लोभाला म्हणतो. एक शब्द गळला आणि गरिबाच्या घामाचा पैसाही मी पापात ढकलला. कथा लिहिणाऱ्याच्या घाईत फार तर पात्राचं नाव बदलतं. आपण वचन हातात घेऊन लिहितो, आपल्या घाईत कुणाच्या तरी मनात चुकीची शिकवण बसते.

लूक शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच थियफिलाला सांगतो की मी सगळ्या गोष्टींचा मुळापासून शोध केला आणि मग अनुक्रमाने लिहितो आहे. मी ते वचन आता त्या चहाच्या डब्यावर चिकटवलंय. पाच मिनिटांत लिहिलेलं वहीत राहतं. बाहेर जायचं असेल तर दुसऱ्या दिवशी पवित्र शास्त्र उघडून, वचन ताडून, मगच.

आणखी एक हिशेब. मोबाइलवर मराठी टाइप करताना माझे पाच मिनिटांत ऐंशी शब्द होतात. वर्षाचे बावन्न शुक्रवार धरले तर चार हजार एकशे साठ. तेही एकमेकांशी संबंध नसलेले तुकडे. यातून हात मोकळा होतो, पुस्तक होत नाही. (बोलून टाइप करून पाहिलं. शब्द भराभर वाढले, पण फोननं ‘कृपासन’ ऐकून ‘कृपा सण’ लिहिलं आणि मी तो नाद सोडला.)

पंचवीस मिनिटांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्यानं टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ अभ्यासाला लावलं, त्याच्यावरून या पद्धतीला ‘पोमोदोरो’ नाव पडलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, असे चार फेरे झाले की मोठी विश्रांती. यात विषय कुणी देत नाही आणि कुणी वाटही बघत नाही. म्हणून ज्याचं लेखन आधीच सुरू आहे, फक्त मध्ये फोन हातात येतो, त्याच्यासाठी हे उत्तम. ज्याचं सुरूच झालेलं नाही तो पंचवीस मिनिटं कोऱ्या पानाकडे बघत राहील. दुरुस्तीला मात्र मी हेच वापरते. वचनं ताडायला एक फेरा, वाक्यं कापायला एक फेरा.

आता नोव्हेंबर. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात क्रिस बेटी आणि त्यांचे मित्र, एकूण एकवीस जण, एका महिन्यात कादंबरी लिहायला बसले. तो महिना खरं तर जुलै होता, नोव्हेंबर दुसऱ्या वर्षापासून आला. पुढे हा उपक्रम ‘नॅनोरायमो’ (‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’चं लघुरूप) या नावानं जगभर पसरला. तीस दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे दिवसाला १,६६७. तो चालवणारी संस्था बंद होत असल्याचं २०२५ च्या मार्चअखेर जाहीर झालं. पण महिना काही कुणाच्या मालकीचा नाही, घरच्या घरी आजही करता येतं.

मी एकदा केलं. बाराव्या दिवशी थांबले. आळस तर होताच, पण मराठी माणसानं इथे एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. पन्नास हजार हा आकडा इंग्रजीच्या मापाचा आहे. उत्पत्तीचं पहिलं वचन घ्या. जुन्या इंग्रजी शास्त्रात ते दहा शब्दांचं आहे. आपल्याकडे ‘प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली’, आठ शब्द. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘घरात’, ‘आजीच्या’, ‘दवाखान्यापर्यंत’, एकेका शब्दात इंग्रजीचे दोन-तीन शब्द मावतात. एका वचनावरून नियम काढू नये, पण मराठीत चाळीस हजार लिहिले तरी मजकूर जवळपास तेवढाच भरतो, असं मी धरून चालते. (‘येशू रडला’ दोन्हीकडे दोनच शब्दांत आहे, तिथे सूट नाही.)

दुसरी अडचण कॅलेंडरची. पंचवीस मिनिटांत माझे तीनशे शब्द होतात. १,६६७ साठी साडेपाच फेरे, म्हणजे विश्रांती धरून रोज पावणेतीन तास. आणि महिना कुठला? दिवाळीची सुट्टी, माहेरी जाणं, शाळेत असाल तर पहिल्या सत्राचे पेपर. त्यात नाताळच्या गीतांची तालीम सुरू झालेली असते. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो, म्हणजे शेवटचा आठवडा मंडळीचाच. त्या साली मी तालमीच्या मागच्या बाकावर बसून शब्द मोजत होते. अल्टोच्या बायकांनी मला दोनदा सूर चुकल्याचं सांगितलं.

महिनाभराचा धडाका कुणी करावा? ज्याच्याकडे साहित्य गोळा झालेलं आहे, मुलाखती झाल्या आहेत, कागद सापडले आहेत, फक्त बसून ओतायचं बाकी आहे, त्यानं. आणि आपला महिना आपण निवडावा. माझ्या मते मे बरा. लग्नसराई सांभाळून.

राहिला आठवड्याचा प्रकार. ‘फेथरायटर्स’ या ख्रिस्ती लेखकांच्या इंग्रजी समूहानं तो वर्षानुवर्षं चालवला: आठवड्याला एक विषय आणि ७५० शब्दांची मर्यादा. यात मिनिटं मोजत नाहीत. घड्याळाच्या जागी वार आहे. सोमवारी विषय, शनिवारी लेख. मधले दिवस तुमचे. पाच मिनिटांचा तुकडा सोमवारी करा, मंगळवारी शास्त्र उघडा, गुरुवारी लिहा, शुक्रवारी कापा.

कापणं हाच यातला मोठा धडा. मननाचा लेख सातशे पन्नासात बसवायला लागलात की आधी काय जातं ठाऊक आहे? ‘प्रभूच्या असीम कृपेने’, ‘त्याच्या महान दयेने’, ‘आजच्या या धकाधकीच्या जीवनात’. ते गेल्यावर लेखाचं काही बिघडत नाही. मग दुसरं उदाहरण जातं, तेव्हा थोडं दुखतं. शेवटी एक प्रसंग, एक वचन आणि त्यांचा संबंध उरतो. वाचणाऱ्याला तेवढंच घरी न्यायचं असतं.

आकडाही बघा. आठवड्याला ७५० म्हणजे वर्षाला ३९,०००. नोव्हेंबरचं मराठी माप मी चाळीस हजार धरलं होतं. म्हणजे जे एका महिन्यात छाती फुटेस्तोवर पळून मिळतं, तेच वर्षभर चालत गेलं तरी मिळतं, आणि प्रत्येक पान एकदा तरी ताडलेलं असतं. हा हिशेब कळल्यावर माझं मन नोव्हेंबरवरून उडालं.

आपल्याकडे हे नवीनही नाही. अहमदनगरहून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं. तेव्हापासून मराठी ख्रिस्ती लेखकाच्या डोक्यावर नियतकालिकाचा अंक हेच घड्याळ होतं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याच्या मराठी भागाचं संपादन केलं, त्यांची कितीतरी पदं तशा अंकांतूनच वाचकांकडे गेली. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही हाती घेतलं होतं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ते अपुरं होतं, पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्या बाईंचं अक्षरज्ञान लग्नानंतरचं, त्यांनी. मी ‘वेळ नाही’ म्हणते तेव्हा घरातलं कुणीतरी लक्ष्मीबाईंचं नाव काढतंच.

या प्रकारातला धोका एकच, समोर कुणी नसेल तर वार सरकतो. शनिवारचा रविवार होतो, रविवारचा पुढचा शनिवार. म्हणून एक माणूस ठरवून ठेवा, जो लेख मागेल. माझ्याकडे ते काम आमच्या पाळकसाहेबांची बायको करते. ती लेख वाचत नाही, फक्त “आला का?” विचारते. पुरतं तेवढं.

ज्यांना बावन्न आठवडे फार लांब वाटतात त्यांनी ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ घ्यावा. भस्म बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत सेहेचाळीस दिवस, त्यातले सहा रविवार सोडले की चाळीस. रोज एक पंचवीस मिनिटांचा फेरा, अडीचशे शब्दांची अपेक्षा. दहा हजार शब्द होतात, छोटी पुस्तिका. रविवारी लिहायचं नाही, आणि ही सुट्टी फार महत्त्वाची आहे. महिनाभराच्या धडाक्यात मला सगळ्यात खटकलं ते हेच, त्यात शब्बाथ नाही. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी तिप्पट. कर्ज फेडल्यासारखं. उपवासकाळात एखादा दिवस बुडाला तर मी तो बुडालेलाच ठेवते.

तर त्या मुलीला सोमवारी फोन केला. म्हटलं, सहा आठवडे रोज पाच मिनिटं, विषय फक्त आजीच्या वस्तू. पुस्तकाचं नावसुद्धा काढायचं नाही. त्यानंतर आठवड्याला एक लेख, सातशे पन्नासात, शनिवारी मला. नोव्हेंबरचं पुढच्या वर्षी बघू, तोवर आजीबरोबर काम केलेल्या बायकांना भेटून ये, त्यांची वयं झाली आहेत. ती जरा हिरमुसली. मैत्रिणींबरोबर पन्नास हजारांची पैज लागली होती म्हणे.

बुधवारी रात्री तिचा मेसेज आला. पाच मिनिटांत तीनच ओळी झाल्या होत्या: ‘आजीच्या ट्रंकेत इंजेक्शनच्या सुया उकळायचं झाकणाचं स्टीलचं भांडं होतं. रिटायर झाल्यावर ती त्यात लवंगा ठेवायची. लवंग मागितली की म्हणायची, थांब, हात धुऊन येते.’

मी विचारलं, भांडं आता कुठे आहे?

“आत्याकडे. रविवारी उपासनेनंतर बघायला जातेय.”