लेझरचं दुसरं लायसन्स घ्यायला गेलो, पहिलंही गेलं

कोल्हापुरात मी लाइट-लेझरचं काम करतो. गणपतीच्या मिरवणुकीत लेझरवर बंदीचे आदेश निघू लागल्यापासून भिस्त लग्नाच्या हॉलवर आणि कॉलेजच्या गॅदरिंगवर. बंदीबद्दल तक्रार नाही, गर्दीच्या डोळ्यांवर बीम मारणारे आमच्यातलेच होते. असो.

माझं सॉफ्टवेअर डबीला बांधलेलं आहे. डबी म्हणजे कॉम्प्युटर आणि लेझर यांच्या मधलं यंत्र. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला लेझरला जाणारी २५ पिनची आयएलडीए केबल. स्क्रीनवरचं चित्र लेझरच्या आरशांना कळेल अशा सिग्नलमध्ये बदलायचं काम तिचं. लायसन्सही तिच्याच पोटात. एवढं तेव्हा माहीत असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

डबी उद्यमनगरच्या गोडाऊनमध्ये, रॅकमध्ये स्क्रूनं आवळलेली. रात्री घरी शिवाजी पेठेत बसून शो बनवावा म्हणून सॉफ्टवेअर दुसऱ्या लॅपटॉपवर टाकलं. उघडलं, पण सेव्ह होईना. 'डिव्हाइस सापडलं नाही.' मी समजलो, दुसऱ्या कॉम्प्युटरला वेगळं लायसन्स लागत असणार.

ऑपरेटरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटांत एकाचा फोन. "भावा, कंपनीकडं गेलास तर चाळीस मागतील. मी चौदात करून देतो. डबी दोन दिवस दे फक्त, तिच्यात दुसऱ्या मशीनचा कोड लिहावा लागतो." बोलणं एकदम सराईत. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलात १८ टक्के वाढतील की." मला ते पटलं, हे लिहितानाही लाज वाटते. १४ हजार यूपीआयनं पाठवले आणि मिरजकर तिकटीला उभ्या उभ्या डबी त्याच्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी परत आणून दिली. तोच काळा रंग, तोच स्टिकर. घरच्या लॅपटॉपला जोडून दाखवली, सगळं चालू. अहो, चालणारच! माझी मूळ डबी जोडली असती तरी चाललं असतं. ती घरी आणून एकदा लावून बघावी, एवढंही मला सुचलं नव्हतं.

तीन आठवडे सुरळीत गेले. मग एका लग्नात दुपारी हॉलचं वायफाय जोडलं आणि सॉफ्टवेअर अपडेट झालं. संध्याकाळी नवरीची एन्ट्री. स्क्रीनवर बीम नाचताहेत, धुराचं मशीन धूर सोडतंय, आणि धुरात अंधार. पार्टीनं निम्मे पैसे कापले. बोलायला तोंड नव्हतं.

कंपनीला मेल केला, तेव्हा उलगडा झाला. माझ्या हातातली डबी नक्कल होती. वरच्या स्टिकरवर माझाच सीरियल नंबर छापलेला, पण सॉफ्टवेअरच्या माहितीच्या खिडकीत दिसणारा नंबर भलताच, आणि तो त्यांनी ब्लॉक केलेला. मेलमध्ये आणखी एक ओळ होती: सॉफ्टवेअर कितीही कॉम्प्युटरवर टाका, ज्यावर काम करायचं त्याला डबी जोडा, दुसऱ्या कॉम्प्युटरचे वेगळे पैसे नाहीत. ती ओळ मी चार वेळा वाचली.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. पैसे कधी गेले, हे त्यांनी लगेच विचारलं. २६ दिवस झाले होते. त्या माणसाच्या खात्यात तोवर काही उरलं नव्हतं. पोलिसांत लेखी तक्रार दिली, पण डबी माझीच बदलली हे दाखवायला माझ्याकडे नुसतं जुनं बिल. म्हणून सांगतो, डबी दुरुस्तीला द्यायची असली तरी आधी लॅपटॉपला जोडा आणि स्क्रीनवरच्या नंबरचा फोटो काढा. परत घेताना त्या माणसासमोरच तो नंबर ताडून बघा. स्टिकर काय, कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे छापून मिळतो.

नवी डबी हप्त्यानं घेतली. रात्री ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी येते, सकाळी गोडाऊनला परत जाते.