मराकेशजवळच्या माळावर क्वाड बाइक : ब्रेक आधी बघा, जेवायला वेळ ठेवा

सांगोल्यात माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. थोरला बार्सिलोनात नोकरीला आहे. जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्यानं मध्येच चार दिवस मोरोक्कोचं ठरवलं. त्यातला एक दिवस अगाफेच्या वाळवंटात क्वाड बाइक, म्हणजे चार जाड चाकांची मोटरसायकल, आणि दुपारी ‘पारंपरिक बर्बर जेवण’. माणशी साडेसहाशे दिरहम पडले, म्हणजे आपले सहा हजाराच्या आसपास. नेणं-आणणं, दोन तास गाडी, जेवण आणि चहा सगळं त्यात आलं. तिकडे जाणाऱ्या आपल्या माणसांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, जाहिरातीतले फोटो बघून जाऊ नका. फोटोत सोनेरी वाळूचे डोंगर दाखवतात. अगाफेत वाळू नाही. मराकेशपासून तीस-चाळीस किलोमीटरवर असलेला तो दगडगोट्यांचा उघडा माळ आहे. वाळूचे डोंगर बघायचे तर मर्झूगाला जावं लागतं. ते साडेपाचशे किलोमीटर लांब, अॅटलास पर्वत ओलांडून, आणि नुसतं जायलाच पुरा दिवस. एका दिवसात ते होत नाही. आमच्या व्हॅनमधलं एक जोडपं हे कळल्यावर फार नाराज झालं. त्यांची चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मला मात्र तो माळ बघून घरी आल्यासारखं वाटलं. आटपाडीकडे जाताना दिसतो तसा तांबूस-पांढरा मुरूम, मध्येच खुरटी झुडपं, कोरडे ओढे, लांबवर एखादा मेंढरांचा कळप आणि मागं अंगावर जाड घोंगडीसारखा टोपीवाला झगा घेतलेला मेंढपाळ. त्या झग्याला जेलाबा म्हणतात. फरक एवढाच की आपल्या माळाच्या कडेला डोंगर असतो, तो उघडा. इथं दक्षिणेला अख्खी बर्फाची भिंत उभी. त्यातलं तुबकाल शिखर ४,१६७ मीटर उंच आहे, उत्तर आफ्रिकेतलं सगळ्यात उंच. पायाखाली मुरूम आणि डोळ्यांसमोर बर्फ. सौ. बराच वेळ नुसती बघत राहिली.

आता गाड्यांचं. चारशे सीसीच्या घरातल्या, चायनीज बनावटीच्या. गिअर बदलायचे नाहीत, स्कुटीसारखा आत पट्टा असतो. एक्सलेटर मुठीत नसून उजव्या अंगठ्याखाली एक पट्टी असते, ती दाबायची. आपला हात मूठ पिळायला जातो आणि गाडी जागची हलत नाही. पंधरा मिनिटांत सवय होते, पण अंगठा दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखतो. टायरमधली हवा बघितली तर बोटानं दाबलं तरी आत जाईल एवढी कमी. आमच्याकडे मोटरसायकलला पंचवीस-तीसची हवा भरतात, हिला पाच-सातची. हवा कमी ठेवतात म्हणून टायर दगडावर पसरतो आणि पकड धरतो. ती चूक समजून घाबरू नका. वळताना मात्र लक्षात ठेवा, मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात, त्यामुळे गाडी सरळच जायला बघते. हँडल नुसतं फिरवून चालत नाही. वेग कमी करायचा, वळणाच्या आतल्या बाजूला अंग टाकायचं आणि मग वळवायचं. मोटरसायकलवाल्याला वाटतं की मला येतं, आणि त्याचीच गाडी वळणाबाहेर जाते. तिथं शिकवायला पाच मिनिटं दिली आणि लायसन्स कुणी विचारलं नाही. फ्रेंचमधला एक कागद समोर ठेवून सही घेतली. थोरल्यानं तो वाचून घेतला, तुम्हीही वाचल्याशिवाय सही करू नका.

मागं बसून जायचं तर एका गाडीवर दोघं जाता येतं, पैसेही कमी पडतात. थोरल्यानं तसंच ठरवलं होतं. सौ. म्हणाली, “मी मागं बसायची नाही. मला माझी गाडी पाहिजे.” गेली अठरा वर्षं ती रोज स्कुटीवरून शाळेत जाते, तिनं मागितली यात नवल नाही. हेल्मेटखाली घालायला पातळ जाळी दिली, डोळ्यांना गॉगल दिला. तोंडाला गुंडाळायला लांब कापड वीस दिरहमला विकतात, पण तिनं स्वतःची ओढणी नेली होती. तुम्हीही सुती ओढणी नाहीतर पंचा न्या.

निघाल्यावर दहाव्या मिनिटाला मला कळलं की माझ्या गाडीचा ब्रेक बरोबर नाही. लिव्हर दाबली की पार हँडलला टेकायची, दोन-तीनदा दाबल्यावर जरा धरायची. म्हणजे ब्रेकच्या नळीत हवा. सपाटीवर एक वेळ चालून जाईल, पण पुढे ओढ्याचा उतार होता. मी हात वर करून गाडी थांबवली. गाईड पोरगा, पंचविशीचा. त्यानं एकदा लिव्हर दाबून बघितली आणि काही वाद न घालता स्वतःची गाडी मला दिली, माझी त्यानं घेतली. तो चांगला वागला, पण अशी गाडी सकाळी बाहेर निघायलाच नको होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीत होऊ शकतं. गाडी ताब्यात घेतली की जागेवरच दोन्ही ब्रेक दाबून बघा. लिव्हर घट्ट लागली पाहिजे. मऊ लागली तर दुसरी गाडी मागा. लाजू नका, पैसे भरलेत.

धुळीचंही सांगतो. सगळे एका रांगेत जातात आणि चौथ्या गाडीनंतर नुसती धूळ खावी लागते. गाईडच्या लगेच मागची जागा मागून घ्या, नाहीतर सरळ पन्नास-साठ पावलं अंतर सोडा.

आमच्या गाईडनं एक गोष्ट केली, त्यासाठी मी त्याला पूर्ण गुण देतो. माळावर मध्ये मध्ये जवाचे तुकडे होते, वीतभर उंचीचे. पेरलं असेल तिथून तो लांबून वळसा घ्यायचा आणि मागं वळून आम्हालाही हातानं खुणावायचा. त्याच वेळी दुसऱ्या कुणाच्या तीन बग्या, म्हणजे माळावर पळवायच्या उघड्या मोटारी, त्या जवातून आरपार गेल्या, गाणी लावून. मला फार राग आला. तिकडे सलग सहा वर्षं दुष्काळ पडला होता. लाला ताकेरकूस्त म्हणून फ्रेंचांनी १९३५ साली पुरं केलेलं धरण वाटेत लागतं. त्याच्या काठावर पाणी पूर्वी कुठवर असायचं त्याचा फिकट पट्टा दिसतो आणि त्याच्या कितीतरी खाली आताचं पाणी. आम्ही सांगोल्याची माणसं, टँकरच्या रांगेत उभं राहून मोठी झालेली. त्या जवाच्या एका एका काडीची किंमत आम्हाला कळते. आणि तिथंच माळावर तंबूंच्या मुक्कामांत पोहायचे निळे हौद आहेत. ज्या सहलीत जेवणाची जागा हौदाजवळ आहे ती मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आमचं जेवण गावाकडच्या एका घरी होतं. वाटेत काही ठिकाणी मातीच्या पडक्या भिंती आणि शेजारी नव्या सिमेंटच्या विटांच्या खोल्या दिसल्या. ८ सप्टेंबर २०२३च्या रात्री तिकडे ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळजवळ तीन हजार माणसं गेली. गाईडचं गाव आमीझमीझच्या बाजूला, त्याच्या आजीचं घर पडलं होतं. आजी वाचली, रात्री बाहेर झोपली होती म्हणून. मी १९९३ला किल्लारीला मदतीच्या ट्रकमधून गेलो होतो, पंचवीस वर्षांचा असताना. माती आणि दगडाच्या रुंद भिंती झोपलेल्या माणसांवर कशा आल्या ते बघितलंय. थोरल्याला मी म्हटलं, त्याला सांग, आमच्याकडेही असंच झालं होतं. त्यानं सांगितलं. तो पोरगा माझ्याजवळ आला आणि छातीवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

जेवणाला ‘बर्बर’ म्हणतात त्याबद्दल. आपल्या भाषेत बर्बर म्हणजे रानटी. हे नाव त्यांना बाहेरच्यांनी दिलेलं, ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. त्यांची भाषा २०११च्या राज्यघटनेपासून अरबीच्या बरोबरीनं सरकारी भाषा आहे आणि २०२४पासून जानेवारीतल्या त्यांच्या नव्या वर्षाला देशभर सुट्टी असते. घराच्या दारावर त्यांच्या लिपीतलं एक अक्षर लाल रंगात काढलेलं होतं, दोन्ही हात वर करून उभ्या माणसासारखं. भेटल्यावर ‘अझूल’ म्हणायचं, आभाराला ‘तान्मिर्त’. एवढे दोन शब्द शिकून गेलात तरी घरातली माणसं केवढी खुलतात ते बघा.

आधी हात धुवायला आले. चोचीचा उंच तांब्या आणि खाली झाकणाचं पितळी भांडं, पाणी हातावर घालत सगळ्यांसमोरून फिरवलं. त्या भांड्याला ते ‘तास’ म्हणतात. आमच्या आजोळी तसल्या भांड्याला तस्त म्हणायचे. सौ.ला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “अहो, आमच्याकडेपण तस्तच.”

भाकरीचं मात्र बसून बघण्यासारखं. अंगणात मातीची भट्टी, तिच्या तळाला लहान गारगोट्या अंथरलेल्या आणि लालबुंद तापलेल्या. घरातल्या मावशींनी मळलेला गोळा हातावर थापून पसरवला आणि थेट त्या गारगोट्यांवर टाकला. दोन-तीन मिनिटांत फुगला. काढला तर खालच्या बाजूला प्रत्येक गारगोटीचा खळगा उठलेला आणि एक बारका खडा अजून चिकटून बसलेला. तो त्यांनी चिमटीत उचलून परत भट्टीत टाकला, बोटं भाजल्याचं काही नाही. या भाकरीला ताफार्नूत म्हणतात. ऑलिव्हच्या तेलात आणि अम्लूत बुडवून खायची. अम्लू म्हणजे भाजलेले बदाम वाटून त्यात अर्गान या तिकडच्या झाडाच्या बियांचं तेल आणि मध. मी त्याचीच तीन वेळा वाटी भरून घेतली.

सौ. माळकरी आहे, त्यामुळे मला काळजी होती. पण ताजीनचं एक बरं असतं, टोकदार झाकणाचं मातीचं भांडं ज्याचं त्याचं वेगळं शिजतं. वाफ झाकणाला लागून परत खाली येते, वरून पाणी जवळजवळ घालावं लागत नाही. कोळशाच्या शेगडीवर तास-दीड तास. तिच्यासाठी गाजर, बटाटा, भोपळा, कोबी, मटार असं उतरंडीसारखं रचलेलं वेगळं होतं. आमच्यात बकऱ्याचं मटण आणि सुके आलुबुखार. आले, हळद, जिरे यांची चव ओळखीची, तिखट मात्र जवळजवळ नाही. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. आणि कुसकुस (गव्हाच्या रव्याचे वाफवलेले दाणे) दिला तर विचारून घ्या, वरून भाज्या दिसल्या तरी रस्सा बऱ्याचदा मटणाचा असतो.

मटण भांड्याच्या मध्यभागी असतं. सगळ्यांनी एकाच भांड्यात, पण आपापल्या समोरच्या बाजूनं भाकरीनं खायचं, उजव्या हातानं. मधलं मटण शेवटी घरधनी वाटून देतो. मी सुरुवातीलाच हात घालणार होतो, थोरल्यानं हळूच सांगितलं, “अण्णा, थांबा.”

सौ.नं डब्यातून सोलापुरी शेंगदाण्याची चटणी नेली होती. तिनं ती मावशींपुढे ठेवली. त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर थोडी घेतली, वर ऑलिव्हचं तेल सोडलं, खाल्ली आणि डोळ्यात पाणी आलं तरी दुसऱ्यांदा घेतली. निघताना स्टीलचा तो डबा धुवून परत आला तर जड लागला. आत अम्लू भरलं होतं. डबा रिकामा परत करायचा नाही हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही, तिकडेही लागत नाही.

चहाबद्दल थोडक्यात. हिरवी चहापत्ती, मूठभर पुदिना आणि साखरेचे हे एवढाले खडे. उंचावरून ओततात, फेस येईपर्यंत परत परत. फार गोड असतो. साखरेचं दुखणं असेल तर चहा करायला घेण्याआधीच सांगा, नंतर उपाय नाही.

मान-पाठीचा त्रास असलेल्यांनी गाडी टाळावी, दगडावर हिसके बसतात. कंपनीला विचारून व्हॅननं थेट जेवणाला जा, त्यातच जास्त आनंद आहे. सकाळी थंडी कडक असते, जाकीट पाहिजे. गाईडला आम्ही शंभर दिरहम वेगळे दिले. जेवणाला निदान दोन तास ठेवा. आमच्या व्हॅनवाल्यानं तासाभरातच हाका मारायला सुरुवात केली होती, थोरल्यानं त्याला थोपवलं.

परत गाड्यांच्या अड्ड्यावर आलो तर ती ब्रेकची गाडी बाजूला लावलेली. गाईड पाना घेऊन चाकापाशी बसला होता, एकटाच. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक लिव्हर दाबणारा आणि एक निप्पल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, सैल करणारा. मी जाऊन लिव्हर धरली. त्यानं वर बघितलं आणि मान हलवली. मी दाबली की तो निप्पल सैल करायचा, बुडबुडे यायचे, त्यानं आवळलं की मी सोडायचो. सहा-सात वेळा केलं. व्हॅनचा हॉर्न वाजत होता. शेवटच्या वेळी बुडबुडा आला नाही, लिव्हर अर्ध्यावर घट्ट थांबली. मी त्याचा हात ओढून त्याला दाबून बघायला लावली.