जुनी स्विफ्ट 1.3 ट्रॅकवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी पहिल्या पिढीची स्विफ्ट पेट्रोल, 1298 सीसी. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ताकद 87 बीएचपी, टॉर्क 113 एनएम. इंजिन आतून उघडलेलं नाही. आठ महिन्यांत कोईमतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकवर दोन ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर पळवायचे दिवस) झाले आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एक, उरलेलं चालणं नवी मुंबईतलं. मत आता पक्कं आहे. जुन्या हॅचबॅकला ट्रॅकवर ताकद कमी पडत नाही, तिला उष्णता मारते. वीस मिनिटांचं सेशन ब्रेक आणि पाणी न तापता पूर्ण झालं पाहिजे. पैसे आधी तिथे घालावेत.

सुरुवात वजनापासून. तुर्भ्याला एपीएमसीच्या आसपास ट्रकचे काटे आहेत, तिथे गाडी आधी पूर्ण तोलावी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. हे काटे 5 किंवा 10 किलोच्या टप्प्यात मोजतात, म्हणून काढलेल्या वस्तू भंगारवाल्याकडे वेगळ्या तोलून वहीत लिहाव्यात. मागची सीट, स्टेपनी, जॅक, कार्पेट, डॅम्पिंग (आवाज दाबणारा डांबरी थर) काढलं की हलकी होते ती मुख्यतः मागची बाजू. त्यामुळे जोरात ब्रेक मारताना मागची चाकं लवकर लॉक होतात आणि शेपूट बाहेर येते. उपाय सोपा आहे: मागच्या ड्रमचे लायनर स्टॉकच ठेवायचे, चांगले पॅड फक्त पुढे घालायचे.

डॅम्पिंगचा थर काढायला ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उत्तम. जाड हातमोजे घालून, सगळे दरवाजे उघडे ठेवून तुकडे पसरावेत, दहा मिनिटांनी हातोडीने टकटक करावी. डांबर काचेसारखं तडकून सुटतं. खाडीकाठच्या हवेत वाढलेल्या गाडीचं खरं रूप त्याखालीच दिसतं: सीटच्या क्रॉस मेंबरपाशी (सीटखालच्या आडव्या पट्टीपाशी) पत्र्याच्या जोडावर तपकिरी रेघ असते आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला की पापुद्रा उठतो. तो पत्रा कापून नवा लावल्याशिवाय केजचं (धडकेत जीव वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याचं) काम सुरू करू नये. गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. वेल्डिंगनंतर झिंक प्रायमर आणि सीलर लगेच, पहिल्या पावसाची वाट न बघता.

केजसाठी एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचा नियम मेन हूपला (सीटमागच्या मुख्य कमानीला) किमान 45 मिमी व्यास आणि 2.5 मिमी जाडीची, बाकीला 38 मिमी व्यास आणि 2.5 मिमी जाडीची कोल्ड ड्रॉन सीमलेस नळी सांगतो. वजन हिशेबाने मीटरमागे अनुक्रमे सुमारे 2.6 आणि 2.2 किलो, म्हणजे काढलेल्यातलं बरंचसं परत येतं. प्रत्येक पायाखाली निदान 3 मिमी जाड आणि 120 चौरस सेंमी क्षेत्रफळाची प्लेट हवी, बोल्ट एम8, 8.8 ग्रेडचे, किमान तीन. फर्निचरवाल्याची शिवण असलेली पाइप वापरून केलेला केज धडकेत फाटतो. त्यापेक्षा केज नसलेला बरा. हार्नेस (रेसिंगचा अनेक पट्ट्यांचा सीट बेल्ट) फक्त फिक्स्ड बकेट सीटलाच, आणि खांद्याचे पट्टे मागे जवळपास आडवे गेले पाहिजेत. ते थेट जमिनीला बांधले तर धडकेत मणक्यावर दाब येतो.

आता ब्रेक, सगळ्यात महत्त्वाचं. जुनं डॉट 3 ब्रेक ऑइल पूर्ण काढून डॉट 5.1 भरलं. ड्राय बॉइलिंग पॉइंट (ताज्या ऑइलचा उकळबिंदू) किमान 260 अंश, पण पाणी शोषल्यावरचा 180, आणि आपल्या दमट हवेत ऑइल पाणी पटकन ओढतं. म्हणून प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी ताजं ऑइल आणि नंतर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, यात कंजुषी नको. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते घालू नये. फॉग लॅम्पच्या भोकातून 63 मिमीचा हवेचा होज (लवचीक नळी) थेट डिस्कच्या मध्यावर सोडला, हा आठ महिन्यांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा बदल. पॅड 4 मिमी उरला की बदलावा. त्याहून पातळ पॅडमधून उष्णता सरळ ब्रेकच्या पिस्टनपर्यंत आणि पुढे ऑइलपर्यंत पोचते. पॅडची कड पांढुरकी, भुसभुशीत झाली असेल तर जाडी कितीही असो, फेकून द्यावा. शेवटचा लॅप सावकाश घ्यावा आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नये. तापलेल्या ड्रमला लायनर चिकटतो. चाकाला लाकडी ठोकळा लावावा.

कूलिंगमध्ये रेडिएटर नवा, 1.1 बारचं नवं कॅप, 50:50 कूलंट. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो ऐकू नये: इंजिन रस्त्यावर थंडच राहतं आणि झीज वाढते. एसी काढला की कंडेन्सर जातो आणि रेडिएटरला मोकळी हवा लागते, पण मे महिन्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर त्याची किंमत मोजावी लागते. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंतच ठेवावं. लांब वळणात ते संपच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) एका बाजूला सरकतं आणि पिकअप (ऑइल ओढणारी नळी) कोरडा पडला तर बेअरिंग जातं. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकत्रच बदलले.

टायर 195/55 आर15. स्टॉक 185/70 आर14 पेक्षा व्यास सुमारे 3 टक्के कमी, म्हणून गिअर तेवढेच छोटे होतात आणि स्पीडोमीटर तेवढाच जास्त दाखवतो. अलॉय चाकाचं मधलं भोक 73.1 मिमी, ते ज्यावर बसतं त्या हबचं माप 54.1, फरक भरणारी मधली रिंग अॅल्युमिनियमची घ्यावी, प्लॅस्टिकची ब्रेकच्या उष्णतेने वितळते. थंड टायरमध्ये 28 पीएसआय, दर 10 अंशांना साधारण दीड पीएसआय वाढतं. नट 85 एनएमला टॉर्क रेंचने, आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा.

सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग कापू नये. कापलेला स्प्रिंग कपात नीट बसत नाही आणि शॉकअप पहिल्याच खड्ड्यात तळाला आपटतो. 25 मिमी खाली नेणारे तयार स्प्रिंग, नवे शॉकअप आणि लोअर आर्मचे नवे रबर बुश पुरले. पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) बोल्टने उणे दीड अंश मिळाला, टो (चाकांचा आत-बाहेर रोख) शून्य. मागचा टॉर्शन बीम (मागची चाकं जोडणारा दांडा) तसाच आहे. पुढची व्हील बेअरिंग मात्र चिकट टायरमुळे लवकर बोलू लागतात. प्रत्येक ट्रॅक डेनंतर चाक उचलून वर-खाली हलवून बघावं, एक्सलचे बूटही त्याच वेळी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या रचनेत असे फेरफार करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. त्यामुळे केज बसल्यापासून रस्ता बंद. ट्रॅकपर्यंतचे हजारावर किलोमीटर फ्लॅटबेडवरच. त्याचा खर्च बजेटमध्ये आधी धरावा. इन्शुरन्स पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, तेही आधी वाचून घ्यावं. पुढचं काम आता ठरलंय: संपमध्ये बॅफल प्लेट (ऑइल सरकू न देणारी आडवी पट्टी), आणि ती झाल्यावरच करीचा तिसरा ट्रॅक डे.