वटवाघळांचा आवाज ऐकवणारं यंत्र: सहा महिने वापरून

साडेबारा हजार रुपये गेले, पण मला त्याचं दुःख नाही. हातात मावणारी काळी डबी, पुढे माईक, बाजूला 10 ते 130 किलोहर्ट्झची फिरकी. माणसाच्या कानाची धाव 20 पर्यंत. त्यावरचं हे यंत्र खाली उतरवून ऐकवतं. घरी आल्यावर किल्ल्यांचा जुडगा वाजवून बघा, 40 वर खणखणलं की माईक ठीक.

मी घेतलं ते एका प्राण्यापायी. आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात, बारापेडेची गुहा आहे. तिथल्या मोकळ्या शेपटीच्या वटवाघळाला, रॉटनच्या वटवाघळाला, 1913 साली शास्त्रीय नाव मिळालं, आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षं साऱ्या जगात त्याची एवढीच वस्ती ठाऊक होती. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. गुहेत शिरून टॉर्च मारणं म्हणजे झोपलेल्या घरात घुसणं. ते मला करायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं.

जांबोटीला मामांच्या अंगणात बसलो. फिरकी 45 च्या आसपास नेली तर पहिल्याच संध्याकाळी टप टप टप, आणि मधेच फर्रर्र. घराभोवतीच्या चिमुकल्या वाघळाने किडा गाठला की असा आवाज येतो. मामी म्हणाली, "अरे, रोज डोक्यावरनं जातात ती, एवढं बोलतात होय!" त्या फर्ररमुळेच माझे पैसे वसूल झाले. वडावरची मोठी वाघळं मात्र यंत्रात मुकीच. ती डोळ्यांनी आणि वासाने वाट काढतात, यंत्र बिघडलं समजून परत पाठवू नका.

आता खरी अडचण. मोकळ्या शेपटीची वाघळं उंच, उघड्या आकाशात उडतात आणि खालच्या पट्टीत ओरडतात. म्हणून 20 पासून सुरू होणारी फिरकी घेऊ नका, खालचा आकडा आधी बघा. पण नेमक्या त्याच पट्टीत रातकिडे किरकिरतात. पावसाळा सरताना तर 15 वर दुसरं काही ऐकूच येत नाही. जानेवारीत, कडक थंडीत, एकदा खूप वरून सावकाश टक्... टक्... आलं. अंगावर काटा आला. ते बारापेडेचंच होतं असं मी सांगणार नाही. यंत्र पट्टी सांगतं, नाव नाही. नावासाठी आवाज साठवून त्याचं चित्र दाखवणारं, मोबाइलला जोडायचं यंत्र लागेल.

विक्रेत्याने सेलचं झाकण ढिलं पाठवलं, तीन ई-मेलांना उत्तर नाही. मी रबरबँड लावलाय. 9 व्होल्टचा चौकोनी सेल लागतो, मला जांबोटीत मिळाला नाही. खानापुरातूनच दोन जास्तीचे घेऊन जा.